शकुंतलेची कुळकथा

मूर्तिजापूरला दोन मापांचे रूळ भेटतात. एक साडेपाच फुटी, मुंबई-नागपूर मुख्य मार्गाचा. दुसरा अडीच फुटी; एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ. या अडीच फुटी रुळावरची गाडी म्हणजे आमची शकुंतला.

तिचं मूळ कपाशीत आहे. 1853 मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. 1867 मध्ये मुख्य मार्ग नागपूरला पोचला. पण अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा हा सारा कापूसपट्टा रुळापासून दूरच राहिला. तिथला माल बैलबंडीवर.

मग किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि दोन फाटे टाकले: अचलपूरचा 76 किलोमीटर, यवतमाळचा 113. अरुंद रुळाला भराव कमी, लोखंड हलकं, खर्च थोडा. त्याचा भार मात्र मूर्तिजापूरच्या हमालांच्या पाठीवर आला. छोट्या वाघिणीतली गासडी उतरवायची आणि मोठ्या वाघिणीत चढवायची, तेव्हा कुठे ती मुंबई बंदराची वाट धरणार. अचलपूरच्या वाटेवर तर कापूसतळणी नावाचं स्टेशनच आहे. मार्ग कशासाठी टाकला, ते गावाच्या नावातच वाचावं.

वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरकडे गेला आणि मँचेस्टरमध्ये 1921 साली घडलेलं वाफेचं इंजिन वऱ्हाडात आलं. 1923 पासून त्यानं गाडी ओढली. 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी चालवायची मध्य रेल्वेनं, कमाईतला वाटा कंपनीला. अशा दुहेरी संसारात रुळाची डागडुजी मागे पडली आणि गाडीचा वेग बसत गेला. अचलपूरचे 76 किलोमीटर कापायला चार-चार तास लागू लागले. तरीही बाजाराला निघालेली बाई, मजुरीला निघालेला गडी तिच्यातच बसे, कारण एसटीपेक्षा तिचं भाडं परवडे.

आधी यवतमाळची गाडी थांबली, मग अचलपूरची. मार्ग ब्रॉडगेज करा, ही मागणी घेऊन लोक उभे आहेत, आणि ती रास्त आहे. हा रूळ गासड्यांसाठी टाकला होता. गासड्या ट्रकवर गेल्या. माणसं अजून गाडी मागताहेत.