महाडच्या तळ्याकाठची माणसे

महाड आणि चवदार तळे हे दोन शब्द उच्चारले की ओघानेच तिसरे नाव येते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, आणि ते यावे हे यथार्थच आहे. परंतु एका थोर नावाच्या तेजात भोवतालची माणसे दिसेनाशी होतात, हाही इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण त्यांना महाडला बोलावले कोणी, मांडव उभारला कोणी, पाणी प्याल्यावर मार खाल्ला कोणी, आणि त्या पाण्याचा निकाल लागेपर्यंतची दहा वर्षे धीर धरला कोणी, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेख त्या माणसांविषयी आहे.

महाडच का, असे कोणी विचारील. कोकणचा हा टापू, म्हणजे तेव्हाचा कुलाबा व आताचा रायगड जिल्हा, महार सैनिकांचा. पलटणीत नोकरी करून, लिहावाचावयास शिकून, निवृत्तिवेतन घेऊन परतलेली माणसे येथल्या खेड्यांत होती. महाडजवळच्या रावदूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. म्हणजे १९२७ ची ठिणगी कोरड्या आकाशातून पडली नव्हती. जमीन दोन पिढ्या नांगरली जात होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव संमत करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही सर्व सार्वजनिक स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. या नगरपालिकेचे एक धुरीण सुरेंद्रनाथ टिपणीस हे स्वतः सवर्ण कायस्थ होते. मात्र ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तेथेच राहिले. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ठराव आणि अंमल यांमधले अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही! ते अंतर तोडण्यास कागद पुरत नाही, माणूस लागतो.

तो माणूस रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, गाव महाडजवळचे लाडवली. शाळकरी वयात शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना घेण्याचे नाकारले. त्या मुलाने वर्तमानपत्राकडे तक्रार लिहून पाठविली, तेव्हा कोठे प्रवेश मिळाला, आणि तोही वर्गाबाहेर बसून शिकण्याचा. पुढे महाडच्या बाजाराला येणाऱ्या आपल्या लोकांना घोटभर चहा आणि पाणी मिळावे म्हणून एक चहाचे दुकान निघाले. तेथे बसून मोरे लोकांचे अर्ज आणि पत्रे लिहून देत. बाजाराच्या दिवशी दहा गावांची माणसे एका ठिकाणी जमली की गाऱ्हाणी एकमेकांस कळतात, आणि गाऱ्हाणी कळली की संघटना आपोआप आकार घेऊ लागते. महाडला परिषद भरवावी आणि मुंबईहून बाबासाहेबांना आणावे ही कल्पना याच तरुणाने १९२४ पासून मनात धरली व तीन वर्षे तिचा पाठपुरावा केला. परिषद भरली तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. दूरदूरच्या खेड्यांतून हजारो माणसे आली, बहुतेक पायी. परिषदेकरिता पाणी हवे होते. भरलेले तळे समोर असताना चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. परिषदेच्या सगळ्या ठरावांपेक्षा हे चाळीस रुपये अधिक बोलके आहेत असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सूचना मांडली, की येथवर आलो आहोत तर तळ्यावर जाऊनच परतावे. आणि चारचारांच्या रांगा करून सारा समुदाय शिस्तीने बाजारातून तळ्याकडे निघाला. या शिस्तीत जुन्या पलटणीतल्या कवायतीचा काही अंश असेलच.

पाणी पिऊन लोक मांडवात परतले. थोड्या वेळाने गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवावयास बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. सुमारे वीसजण गंभीर जखमी झाले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आपल्या लोकांत उलटून मारण्याची ताकद होती, पलटणीचे रक्त होते. परंतु बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि त्यांनी ते मानले. हे मानणे पाणी पिण्याहून कठीण होते. तळ्यात पुढे दही, दूध, शेण व गोमूत्र यांच्या एकशेआठ घागरी ओतून शुद्धीही करण्यात आली! मारहाणीबद्दल पाचजणांना जून १९२७ मध्ये चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

येथे थोडे दूर, अमेरिकेत जाऊन येऊ. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला. जगाला त्यातून मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक झाले. पण किंग तेव्हा सव्वीस वर्षांचे, गावात नवखे धर्मोपदेशक होते. त्या गावाची तयारी केली होती रेल्वेतील नोकर व कामगार पुढारी ई. डी. निक्सन यांनी आणि जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने, जिने एका रात्रीत हजारो पत्रके छापून काढली. जॉर्जिया गिल्मोर ही स्वयंपाकीण अन्न विकून बहिष्काराच्या मोटारींसाठी पैसे जमवीत असे. आणि खटला जिंकला तो चार सामान्य स्त्रियांच्या नावावर. त्यांतील क्लॉडेट कॉल्विन बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली त्या दिवशी अवघ्या पंधरा वर्षांची होती. मोरे यांचे चहाचे दुकान आणि गिल्मोरचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आणि अठ्ठावीस वर्षे आहेत, पण धंदा एकच.

महाडची गोष्ट मार्चमध्ये संपली नाही. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला खुला करण्याचा ठराव मागे घेतला. पुन्हा सत्याग्रहाची हाक गेली, ती डिसेंबरच्या अखेरीची. (त्याच नोव्हेंबरात आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली होती, हे भिलाईतील वऱ्हाडी वाचकांनी लक्षात ठेवावे.) या खेपेस महाडात मांडवाला जागा कोणी देईना, शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारल्यामुळे शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब व शेकडो प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि पाच मैल चालत महाडला पोहोचले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते.

सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावे नोंदविली. त्याआधीच, १४ डिसेंबरला, सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. तुरुंगाची तयारी करून आलेल्या इतक्या माणसांना आता 'न्यायालयाचा मान राखून थांबा' असे सांगावयाचे होते. लोक नाराज झाले, पण थांबले. तळ्याभोवती मिरवणूक काढून, पाण्याला हात न लावता, ती आपापल्या गावी परतली. परतलेल्यांना गाव तेच होते आणि बहिष्कारही तोच. पुस्तकांत या परतीला एखादे वाक्य मिळते. माझ्या मते महाडच्या लढ्याचा खरा कस तेथेच लागला.

खटला दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी. तिन्ही अस्पृश्यांच्या बाजूने. तळे खाजगी असल्याचा दावा टिकला नाही, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि कालापासूनची असल्याचेही सिद्ध झाले नाही. उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड, १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. त्याच १९३७ साली टिपणीस व चित्रे स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले. मोरे तोवर कम्युनिस्ट चळवळीत गेले होते. बाबासाहेबांशी मार्ग वेगळा झाला, आदर मात्र शेवटपर्यंत राहिला. १९७२ मध्ये ते वारले.

आपण ज्या भूमीवर राहतो तिलाही हा विषय परका नाही. गुरू घासीदासांचा सतनाम पंथ येथलाच. पंडित सुंदरलाल शर्मा यांनी १९२५ मध्ये राजीमला मंदिरप्रवेशाचा उपक्रम केला. पुढे कारखाना आला, आणि जिच्या गावी विहिरी वेगळ्या होत्या अशी माणसे एकाच नळाखाली बादल्या लावून उभी राहिली. पोलाद ओतणाऱ्या या वसाहतीने ते काम कोणत्याही ठरावाशिवाय केले, जरी नळापासून स्वयंपाकघरापर्यंतचे अंतर कापण्यास काही घरांना फार वर्षे लागली, हेही खरे.

आपल्या मंडळाच्या सभासदांत कोकणातून आलेली कुटुंबे थोडी, वऱ्हाड-नागपूरकडली पुष्कळ. कोणाच्या आजोबांनी वा पणजोबांनी महाड, अमरावती अथवा त्या काळची अशी एखादी परिषद पाहिली असेल, कोणाच्या घरच्या पेटीत एखादे पत्र, पावती किंवा 'बहिष्कृत भारता'चा जुना अंक असेल. त्या ३,८८४ नावांपैकी आपणास ठाऊक असलेली बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते मंडळाच्या ग्रंथालयात आणून दाखवावे. नक्कल करून मूळ प्रत परत देण्याची व्यवस्था आपण करू शकतो.