ताकाराझुका : एक तळटीप

१. ताकाराझुका : मूळ मजकुरात हे नाव ओझरते येते, पण ते उलगडून सांगायलाच हवे. ओसाकाजवळचे हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. १९१० साली कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीने (आजची हांक्यू) इथवर विजेची रेल्वे आणली. वाटेत वस्ती विरळ, त्यामुळे उतारूंची वानवा. कोबायाशींनी रुळांच्या कडेने घरे बांधून ती हप्त्यांवर विकली आणि शेवटच्या स्थानकाशी स्नानगृह व पोहण्याचा बंदिस्त तलाव उभारला. तलाव चालला नाही. पाणी तापवायची सोय नव्हती आणि स्त्री-पुरुषांना एकत्र पोहायला बंदी होती. मग रिकाम्या हौदावर फळ्या टाकून प्रेक्षकांची बैठक केली, कपडे बदलण्याच्या जागेचा रंगमंच झाला आणि एप्रिल १९१४ मध्ये मुलींच्या गायनपथकाने तिथे पहिला खेळ केला.

त्या पथकातूनच ताकाराझुका ही नाट्यमंडळी घडली. आजही या मंडळीत फक्त अविवाहित स्त्रिया असतात. त्यांना हौशी मुलींचा मेळावा समजणे हा अन्याय आहे. पुरुषभूमिका करणारी 'ओतोकोयाकू' चालणे, बसणे, खालच्या पट्टीत बोलणे वर्षानुवर्षे घोटते. खेळाच्या शेवटी पाठीवर पिसांचा अवजड पिसारा घेऊन ती २६ पायऱ्यांचा जिना पायांकडे न पाहता उतरते, तेव्हा ती तालीम दिसते. रियोको इकेदा यांच्या चित्रकथेवरचे 'द रोझ ऑफ व्हर्साय' (१९७४) हे मंडळीचे सर्वांत गाजलेले नाटक. १९३२ मध्ये कोबायाशींनी टोकियोत काढलेल्या नाट्यगृह कंपनीतूनच पुढे 'गॉडझिला'वाली तोहो ही चित्रसंस्था घडली.