मुक्तांगण : कला आणि व्यसनमुक्ती

मुक्तांगण हे पुण्यातील येरवड्याचे व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. औषधे व समुपदेशनाच्या जोडीला येथे योग, संगीत आणि कलेलाही स्थान आहे.

अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकडात शिल्पे कोरत, ओरिगामी करत. ओरिगामीला एक चौकोनी कागद पुरतो. कात्री नको, डिंक नको. घडीवर घडी नेमकी बसवताना बोटे आणि मन दोन्ही गुंततात. व्यसनाकडे ओढणारा रिकामा वेळ असा भरून निघतो. गटात गाताना एकटेपण ओसरते.

कला औषधोपचाराची जागा मात्र घेत नाही. दीर्घकाळचे मद्यपान अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात. त्यासाठी वैद्यकीय देखरेख हवीच.