टेकडीवरचें चर्च आणि नगरसभेचा नकाशा

अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, सॅन अँटोनिओ शहराच्या वायव्येस सुमारें २८ मैलांवर बर्नी नांवाचें एक गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीहून आलेल्या लोकांनीं तें वसविलें आणि लुडविग बर्ने या जर्मन लेखकाचें नांव त्यास दिलें. त्या पहिल्या रहिवाशांत स्वतंत्र मताचे लोक पुष्कळ होते. धर्मसंस्थेविषयीं त्यांस फारसा जिव्हाळा नव्हता. अशा गांवांतल्या एका चर्चच्या भिंतीवरून साऱ्या देशाच्या धर्मस्वातंत्र्याचा वाद पुढें वॉशिंग्टनपर्यंत जावा, हा योगायोग मौजेचाच म्हणावयाचा.

गांवांतील टेकडीवर सेंट पीटर हें रोमन कॅथलिक चर्च १९२३ सालीं बांधलें गेलें. त्या मुलुखांत स्पॅनिश धर्मोपदेशकांनीं पूर्वीं जीं मिशनें उभारलीं, त्यांच्याच घाटाची ही वास्तु. आंत सुमारें २३० माणसें बसत. पुढें वस्ती वाढली आणि रविवारच्या कांहीं मिस्सांना चाळीस ते साठ भाविकांना जागाच मिळेनाशी झाली. तेव्हां सॅन अँटोनिओचे आर्चबिशप पॅट्रिक फ्लोरेस यांनीं इमारत वाढविण्यास अनुज्ञा दिली. हे फ्लोरेस शेतमजुराच्या घरांत जन्मलेले आणि अमेरिकेंत बिशपपदास पोंचलेले मेक्सिकन वंशाचे पहिलेच गृहस्थ.

कांहीं महिन्यांतच नगरसभेनें ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणासाठीं एक नियम केला. ठराविक भागांतील इमारतींत फेरफार करण्यापूर्वीं नेमलेल्या मंडळाची संमति घ्यावी, असा त्याचा आशय होता. आर्चबिशपांनीं बांधकामाचा परवाना मागितला, तेव्हां चर्च त्याच भागांत मोडतें असें सांगून अधिकाऱ्यांनीं तो नाकारला.

श्रोत्यांस वाटेल कीं, हा निव्वळ आडमुठेपणा झाला. तसें म्हणतां येत नाहीं. शहराचे विभाग पाडून कोठें काय बांधावें हें ठरविण्याचा अधिकार, ज्यास तिकडे झोनिंग म्हणतात, तो ओहायो संस्थानांतील युक्लिड गांवाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९२६ सालींच मान्य केला होता. राहत्या घरांशेजारीं कारखान्याचें धुराडें नसावें, जुनी सुंदर वास्तु कोणीं लहरीनें पाडूं नये, हें कोणासहि पटेल. पण कारखान्याची जागा बदलतां येते. ज्या वेदीसमोर आजोबांचें लग्न लागलें आणि नातवाचा बाप्तिस्मा झाला, ती वेदी अशी उचलून नेतां येत नाहीं. आणि आंत बसावयासच जागा नसेल, तर उपासनेची मोकळीक घेऊन भाविकानें करावें काय?

या वादामागें आणखी एक खटला होता. नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या दोन अनुयायांनीं ओरेगॉन संस्थानांत धर्मविधींत पेयोट नांवाच्या निवडुंगाचें सेवन केलें. तें मादक म्हणून कायद्यानें निषिद्ध. दोघांची नोकरी गेली आणि बेकारीचा भत्ताहि नाकारला गेला. १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, कायदा सर्वांस सारखा लागू असून कोणत्याहि धर्मावर रोख धरून केलेला नसेल, तर धर्माच्या नांवें त्यांतून सूट मागतां येणार नाहीं. या निर्णयानें यहुदी, कॅथलिक, प्रॉटेस्टंट असे एरवीं एकमेकांपासून दूर असणारे पंथ एकत्र आले. १९९३ सालीं काँग्रेसनें, म्हणजे तेथील मध्यवर्ती विधिमंडळानें, धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापनेचा कायदा केला. सेनेटांत ९७ मतें अनुकूल, ३ प्रतिकूल. अत्यंत निकडीचें कारण असल्याखेरीज, आणि तेंहि कमींत कमी जाचक उपायानें, सरकारनें धर्माचरणावर मोठा भार टाकूं नये, असें त्याचें कलम होतें.

आर्चबिशपांनीं याच कायद्याचा आधार घेतला. १९९७ च्या जूनच्या २५ तारखेस निकाल लागला: सहा न्यायाधीश नगराच्या बाजूनें, तीन विरुद्ध. न्यायमूर्ति केनेडी यांचा मुद्दा असा कीं, चौदाव्या घटनादुरुस्तीनें विधिमंडळास हक्कांची अंमलबजावणी करण्याची सत्ता आहे, हक्कांचा अर्थच बदलण्याची नाहीं. म्हणून संस्थानें व नगरें यांच्यापुरता तो कायदा रद्द झाला. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं तर असें विचारांत घेतलें कीं, हीच इमारत एखाद्या नास्तिकाचें चित्रालय असती, तर त्यास ही सवलत मिळाली नसती. मग ती चर्चलाच कां? हा प्रश्न बोचरा खरा, पण चित्रालय आणि उपासनास्थान यांस एकाच तराजूंत घालणें सर्वांस मानवेल असें नाहीं. न्यायमूर्ति ओ'कॉनर यांना तर मुळांत १९९० चा निर्णयच चुकीचा वाटत होता.

काँग्रेस स्वस्थ बसली नाहीं. चौकशींत निराळीच हकीकत बाहेर आली. वाहतूक, शोभा, नगराचा आराखडा अशीं सभ्य कारणें पुढें करून परवाने नाकारले जात. आणि त्याचा मार विशेषेंकरून लहान, नव्या व अपरिचित पंथांस, कृष्णवर्णीयांच्या चर्चांस आणि यहुदी प्रार्थनामंदिरांस बसे. २००० सालीं नवा, अधिक मर्यादित कायदा झाला. एखाद्या भागांत क्लबाला वा सभागृहाला मुभा असेल, तर प्रार्थनामंदिरास त्याहून वाईट वागवूं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें.

बर्नीच्या भाविकांस मात्र इतका काळ थांबावें लागलें नाहीं. निकाल विरुद्ध जाऊनहि त्याच वर्षीं नगर व चर्च यांच्यांत तडजोड झाली. १९२३ च्या वास्तूचा बहुतेक भाग तसाच राखावयाचा आणि तिला जोडून मोठें दालन बांधावयाचें, असें ठरलें.