इंद्रसभेतला आंबा

वेरूळचं बत्तिसावं लेणं आजही इंद्रसभा म्हणूनच ओळखलं जातं. नवव्या शतकातल्या या जैन लेण्याच्या वरच्या मजल्यावर हत्तीवर बसलेला पुरुष आणि सिंहावर बसलेली स्त्री आहे. हत्ती दिसला म्हणून तो इंद्र ठरला आणि त्याच्या जोडीची ती इंद्राणी. अभ्यासकांनी ही ओळख केव्हाच मागे टाकली. ती जैन परंपरेतली यक्ष-यक्षीची जोडी आहे. पण याचा सर्वांत भक्कम पुरावा वाहनांत नाही, डोक्यावरच्या झाडांत आहे, असं मला ठामपणे वाटतं. सिंह दुर्गेचाही असतो. मूल बौद्ध परंपरेतल्या हारीतीजवळही असतं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आहेच. सिंह, मूल आणि वर फळांनी लगडलेला आंबा हे तिन्ही एकत्र आले, की ती तीर्थंकर नेमिनाथांची यक्षी अंबिकाच. मुनीला भिक्षा घातली म्हणून घराबाहेर काढलेल्या तिला वाळलेल्या आंब्याने फळं दिली, अशी तिची कथा आहे. यक्षावर मात्र वडाची सावली आहे.

यावर आक्षेप असा, की शिल्पातली पानं साच्यातली. त्यांवरून जात कशी ठरवायची? आक्षेप निम्मा खरा आहे. जिवंत झाड, उदाहरणार्थ हिमालयातला बांज ओक, ओळखताना पान उलटून खालची पांढरट लव पाहता येते. दगडात लव नसते, रंग उडालेला असतो. नुसत्या लांबट पानावर विसंबलं तर आंब्याच्या जागी सीताअशोकही वाटेल. म्हणून पानापाशी थांबायचं नाही: फांदीच्या टोकाशी दाटलेला पानांचा झुबका आणि देठाला लोंबणारी फळं एकत्र पाहायची. अशोकाला चपट्या शेंगा येतात, त्यामुळे फळ दिसलं की संशय उरत नाही. दुसरा आक्षेप, की झाड कथेतून आलं, निरीक्षणातून नाही. मान्य, पण कथेने फक्त झाडाचं नाव दिलं, ते बघणाऱ्याला ओळखू येईल असं घडवणं कारागिराच्याच हाती होतं, आणि आंबा त्याच्या रोजच्या पाहण्यातला. शिवाय झाडावरून ओळख पटवण्याची रीत या परिसरात आधीपासून होती. अजिंठ्याच्या बाविसाव्या लेण्यात सात मानुषी, म्हणजे मानवरूपातले, बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय आपापल्या बोधिवृक्षाखाली रंगवले आहेत. विपश्यीला पाटल, क्रकुच्छंदाला शिरीष, कनकमुनीला उंबर, काश्यपाला वड, शाक्यमुनीला पिंपळ. बुद्धांच्या आकृती एकसारख्या असल्या, की वेगळेपण वृक्षाने सांगायचं. त्यात वड, पिंपळ आणि उंबर तर एकाच कुळातले. वडाचं पान रुंद आणि बोथट, पिंपळाच्या पानाला लांब शेपूट, उंबराची फळं खोडालाच लगडलेली. हा फरक चित्रकाराला माहीत नसता, तर बोधिवृक्ष वेगवेगळे ठेवण्याला काही अर्थच उरला नसता.