इगर्जीच्या सावलींतील शाळा

मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या टापूंतील एखाद्या ख्रिस्ती वाडीकडे वळलें, म्हणजे माडांच्या शेंड्यांमधून प्रथम दृष्टीस पडतो तो इगर्जीचा पांढरा दर्शनी भाग. आणि बहुतेक ठिकाणीं तिच्या कडेलाच कौलारू पडवीची एक लहानशी इमारत असते. ती शाळा. इगर्ज म्हणजे ख्रिस्ती देऊळ; हा पोर्तुगीज शब्द कोंकणी माणसानें आपल्या जिभेवर घोळवून घोळवून इतका आपलासा केला आहे, कीं त्याचें परकेपण आतां कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. इगर्जीचा इतिहास सांगणारे पुष्कळ झाले. परंतु तिच्या सावलींत वाढलेल्या त्या लहान शाळेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. आणि वास्तविक पाहतां या किनाऱ्यावरील समाजाची घडण समजून घ्यावयाची, तर तोच अगोदर पाहिला पाहिजे.

या शाळेचें मूळ गोव्यांत आहे. ६ मे १५४२ रोजीं फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि इगर्जींत नेऊन त्यांना धर्माचीं मूलतत्त्वें पाठ म्हणावयास लावीत. मुलें शिकलीं म्हणजे घरीं जाऊन आईबापांना शिकवितात, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें प्रत्येक इगर्जीला जोडून एक शाळा, आणि त्या शाळेला एक मास्तर, अशी वहिवाट गोव्याच्या गांवोगांवीं पडली. या मास्तराला म्हणत 'मेस्त'. मेस्ताचें काम तिहेरी असे. मुलांना अक्षरओळख करून द्यावयाची, 'दोत्रीन' म्हणजे धर्मशिक्षण द्यावयाचें, आणि गायन-वादन शिकवून इगर्जीचा गायकवर्ग उभा करावयाचा.

या तिसऱ्या कामाचें फळ फार दूरवर गेलें. शेतकऱ्याच्या आणि मासेमाऱ्याच्या पोराला येथें पाश्चात्य स्वरलिपि वाचतां येऊं लागली; व्हायोलिन त्याच्या हातीं आलें. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानभर बँडपथकांतून गोंवेकर वादक दिसत, तें याच शिक्षणामुळें. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे वडील तेथील इगर्जींत गायकवृंदाचे प्रमुख होते. त्यांच्याकडून मिळालेली विद्या घेऊन हे गृहस्थ मुंबईच्या चित्रपटसंगीतांत नामांकित झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ सालीं एका चित्रपटगीतांत गुरूचें नांव गुंफलें, तें आज घरोघर ठाऊक आहे. परंतु त्या नांवामागें एका खेड्यांतील मेस्ताची परंपरा उभी आहे, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

शाळा निघाली, पण मुलांना शिकवावयाचें कोणत्या भाषेंत? हा प्रश्न आरंभापासूनच उभा राहिला, आणि या सबंध इतिहासांतील खरा पेंच हाच आहे. १५५६ सालीं गोव्यांत छापखाना आला. १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास आले आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षें त्यांनीं तेथेंच घालविलीं. साष्टी प्रांतांतील गांवांत वावरत असतां त्यांना असें दिसून आलें, कीं नवख्रिस्ती लोकांचे कान अजून ओवीला सरावलेले आहेत. पुराण गेलें, पण पुराणाची भूक गेलेली नाहीं. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा प्रारंभच मोठा बोलका आहे. लहानांना दोत्रीन शिकविली जात असतां एक श्रोता उठतो, आणि पूर्वींच्या पुराणांच्या जागीं आम्हांला आमच्या भाषेंत कांहीं द्या, अशी मागणी करतो. मराठी ग्रंथसंपदेंतील एक थोर काव्य एका बालवर्गाच्या पडवींत जन्मास आलें, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें पुराण १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत निघालें. देवनागरी खिळे हाताशीं नसल्यामुळें तें रोमन लिपींत छापावें लागलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. याच स्टीफन्सांनीं मुलांसाठीं प्रश्नोत्तररूपानें रचलेली कोंकणी दोत्रीन त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं प्रसिद्ध झाली. ज्याला मूल म्हणतात तें मातृभाषेंतच उमलतें, हें तत्त्व आमच्याकडे शिक्षणशास्त्राचीं पुस्तकें येण्यापूर्वीं कितीतरी वर्षें या इंग्रज पाद्र्याला उमगलें होतें.

राज्यकर्त्यांना मात्र हें तत्त्व फार दिवस मानवलें नाहीं. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनीं फर्मान काढलें, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषेचा व्यवहार सुरू करावा, आणि पाद्री व शाळामास्तर यांनींही त्याच भाषेंत शिकवावें. या फर्मानाचा परिणाम काय झाला? शाळेंतून कोंकणी हद्दपार झाली. पण चुलीपाशीं, विहिरीवर, होडीवर ती जशीच्या तशी राहिली. मुलाचें जग दुभंगलें. शाळेंत एक जीभ, घरांत दुसरी. जी भाषा शाळेंत नाहीं ती खालची, असा समज पिढ्यान् पिढ्या रुजत गेला. १८५८ सालीं कून्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेंच कोंकणी भाषेचा इतिहास लिहून या अन्यायाला वाचा फोडली. परंतु तोंवर पावणेदोनशें वर्षें उलटून गेलीं होतीं.

आतां तेरेखोलची खाडी ओलांडून अलीकडे यावें. खाडीच्या मुखावरील तेरेखोलचा किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ सालीं तो पोर्तुगीजांकडे गेला. राज्याच्या सीमा अशा मागेंपुढें सरकत राहिल्या, पण माणसांची ये-जा थांबली नाहीं. दुष्काळ, रोगराई, लढाया, इन्क्विझिशनचा जाच आणि जमिनीवरील कर, अशा नाना कारणांनीं गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबें सावंतवाडी संस्थानांत आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिलीं. येतांना त्यांनीं आपला खुरीस, आपलीं गाणीं आणि आपली इगर्जीजवळची शाळा बरोबर आणली. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीनें या भागावर दीर्घ काळ गोव्याचेंच छत्र होतें. पुढें तो पुणें धर्मप्रांतांत आला, आणि ५ जुलै २००५ रोजीं सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सावंतवाडीची मिलाग्रिस इगर्ज हें त्याचें मुख्य पीठ आहे.

अलीकडे आल्याबरोबर त्या जुन्या शाळेचें रूप पालटलें. मालवण आणि वेंगुर्लें १८१२ सालीं इंग्रजांकडे गेलें होतें. सावंतवाडीचा कारभारही १८३८ सालीं त्यांनीं हातीं घेतला. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें असें ठरविलें, कीं खाजगी शाळेंत ऐहिक शिक्षण चांगलें दिलें जात असेल आणि ती तपासणीस खुली असेल, तर ती कोणत्याही धर्माची असली तरी सरकारनें तिला अनुदान द्यावें. यामुळें इगर्जीजवळच्या शाळेला एक निराळीच वाट मोकळी झाली. तपासणीला येणारे डेप्युटी, म्हणजे खेड्यांतल्या भाषेंत 'दिपोटी', पाढे, शुद्धलेखन आणि वाचन पाहत; दोत्रिनीशीं त्यांना कर्तव्य नसे. आणि हें वाचन होतें मराठींत. गोव्यांत जी पाटी पोर्तुगीज मुळाक्षरांची होती, तिच्यावर येथें 'अ आ इ ई' उमटलीं.

मात्र मुलाची पाटी यामुळें सोपी झाली असें समजूं नये. घरीं तें कोंकणी किंवा मालवणी बोले. प्रार्थनेचें पुस्तक कोंकणी, पण लिपि रोमन. शाळेचें पुस्तक बाळबोध मराठी, आणि व्यवहारासाठीं मोडी. इगर्जींतील मिस्सा लॅटिनमध्यें. ती लोकभाषेंत होऊं लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५). सात-आठ वर्षांच्या जिवाला एवढ्या भाषा आणि लिप्या सांभाळाव्या लागत. पण यांतील कोणतीही भाषा दुसरीचा गळा दाबण्यासाठीं आणलेली नव्हती. म्हणून मूल दबलें नाहीं. तें बाजारांत मालवणी, दिपोटीपुढें मराठी आणि खुरसापुढें कोंकणी बोले, आणि तिन्ही ठिकाणीं ताठ मानेनें उभें राही.

या शाळेचा आठवडा घड्याळापेक्षां घंटेवर चाले. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी दिवसांतून तीनदां आंजेलाची घंटा होई. ती ऐकून शेतांतला माणूसही क्षणभर हात जोडून उभा राही. सोमवारपासून पाढे, अंकलिपि, धडे आणि कविता यांचा क्रम. शुक्रवारीं मांस वर्ज्य. उपासकाळांत त्या दिवशीं खुरसाच्या वाटेची भक्ति. शनिवार मारीयेचा, त्या दिवशीं इगर्जीची झाडलोट करावयाची आणि फुलें आणावयाचीं. रविवारीं मिस्सा, आणि मागाहून दोत्रीन. रोज तिन्हीसांजेला प्रत्येक घरीं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती संपली, कीं लहानांनीं वडीलधाऱ्यांपाशीं जाऊन 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागावयाचा. शाळेंत न शिकविलेला पण शाळेनें गृहीत धरलेला असा हा धडा होता.

घंटेच्या या क्रमाला समुद्राचा क्रम छेद देई. रापण लागली, कीं वर्ग अर्धा रिकामा! किनाऱ्यालगत अर्धवर्तुळाकार टाकलेलें तें अवाढव्य जाळें दोन्ही अंगांनीं दोर धरून ओढावयाचें, त्याला जितके हात लागतील तितके थोडेच; आणि हात लावणाऱ्या पोरालाही बांगड्या-तारल्यांतला वांटा मिळे. गरीब घरांत त्या वांट्याचें मोल गुणाकाराच्या पाढ्यापेक्षां अधिक असे, हें समंजस मास्तराला कळे. पावसाळ्यांत होड्या वर ओढल्या, कीं हींच मुलें पुन्हां वर्गांत दिसूं लागत.

त्या बांकावर नुसतीं ख्रिस्ती मुलें बसत असें नव्हे. जवळची दुसरी शाळा लांब, मध्यें खाडी. त्यामुळें गाबीत, भंडारी, मराठे यांचींही मुलें याच पडवींत बसून शिकलीं. २४ जूनला सांजांवाच्या दिवशीं पानाफुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारावयाच्या. ८ सप्टेंबरला मोंतीच्या फेस्ताला नवें कणीस इगर्जींत न्यावयाचें. नाताळांत गवताचा गोठा मांडावयाचा. आणि मोंतीच्या फेस्ताच्याच सुमारास, भाद्रपदांत, शेजारच्या घरांत गणपति येई आणि तेथेंही नवें भात दाराशीं बांधलें जाई. नाताळच्या ताटांत नेवऱ्या, चवथीच्या ताटांतही नेवऱ्या! दोन्ही घरचीं मुलें दोन्ही ताटांचीं मानकरी. रात्रीं दशावतार असला, कीं संकासुराला भिऊन सर्वच धर्मांचीं मुलें सारख्याच वेगानें पळत. एकोपा हा विषय या शाळेच्या वेळापत्रकांत नव्हता. म्हणूनच कदाचित् तो इतका पक्का झाला.

शाळा सोडल्यावर मुलगा जाई कोठें? बहुधा मुंबईला, नाहींतर तारवटी होऊन जहाजावर. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास गोमंतकीय गांवांचे 'कूड' असत. एका गांवच्या माणसांनीं मिळून चालविलेलें तें वसतिस्थान. तेथें भिंतीशीं आपल्या गांवच्या संताची वेदी, आणि संध्याकाळीं तीच तेर्स. म्हणजे पडवींतला क्रम शहरांतही सुटला नाहीं. इकडे गांवीं त्याचें पत्र आलें, कीं तें वाचण्याचा मान घरांतील शाळकरी पोराचा. निरक्षर आजीला बापाची खुशाली दुसऱ्याच्या दारीं जाऊन वाचून घ्यावी लागत नव्हती, ही त्या लहान शाळेची कमाई केवढी मोठी!

स्वातंत्र्यानंतर काळ भराभर बदलला. १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान विलीन झालें. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला आणि खाडीची सीमा परकी राहिली नाहीं. १९६२ मध्यें जिल्हा परिषदा येऊन गांवोगांव त्यांच्या शाळा झाल्या. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र झाला. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला. आतां पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे, आणि तो समजण्यासारखाही आहे. पोटाची विद्या हवी, हें रापणीचा दोर ओढणाऱ्या पोरालाही कळत होतें.

परंतु १६८४ च्या फर्मानाची आठवण येथें उपयोगी पडेल. त्या वेळीं सरकारनें मुलाच्या तोंडची भाषा बळानें काढून घेण्याचा प्रयत्न केला, आणि घरानें ती राखली. आज कोणीही बळजबरी करीत नाहीं. भाषा सोडण्याचा निर्णय घरांतच, राजीखुशीनें होतो. घरानें राखावयाचें सोडलें, तर मग तिला राखणारें कोण उरलें? खाडीच्या अलीकडल्या त्या गरीब पडवीनें हें दाखवून दिलें, कीं परकी भाषा शिकण्यासाठीं आपली टाकावी लागत नाहीं, आणि आपला धर्म पाळण्यासाठीं शेजाऱ्याला दूर लोटावें लागत नाहीं. कौलें बदलतील, बांकें बदलतील, अनुदानाचे नियमही बदलतील. पण मुलाला त्याच्याच जिभेनें पहिली हांक मारावी, हा स्टीफन्सांच्या बालवर्गांतील धडा अजून जुना झालेला नाहीं.