अंगभूत पडदा असलेले सूक्ष्मनियंत्रक फलक

अंगभूत पडदा असलेला सूक्ष्मनियंत्रक फलक हा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, आणि मजकूर किंवा आकृत्या दाखवणारा लहान डिस्प्ले एकाच सर्किट बोर्डवर बसवलेला प्रोग्रामक्षम संच होय. हौशी इलेक्ट्रॉनिक्स, शालेय प्रयोग आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांत त्याचा वापर होतो. संगणकावर लिहिलेला प्रोग्राम यूएसबी केबलद्वारे फलकात उतरवला जातो व त्यानंतर फलक बॅटरीवर स्वतंत्रपणे चालतो.

स्वरूप

आर्डुइनो उनोसारख्या फलकावर पडदा नसतो. त्याला १६ अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी जोडण्यासाठी किमान सहा संदेशवाहक तारा, वीजपुरवठ्याच्या तारा आणि अक्षरांचा ठळकपणा ठरवणारा पोटेन्शिओमीटर लागतो. ब्रेडबोर्डवरील एखादी तार सैल झाली की पडदा कोरा राहतो आणि दोष प्रोग्रामचा की जोडणीचा हे नवशिक्याला कळत नाही. पडदा मुळातच जोडलेला असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. डाख देण्याचेही काम उरत नाही.

या प्रकारातील सर्वांत परिचित फलक म्हणजे बीबीसीचा मायक्रो:बिट. २०१६ मध्ये ब्रिटनमधील शालेय विद्यार्थ्यांना सुमारे १० लाख फलक मोफत देण्यात आले. सुमारे ४ × ५ सेंटिमीटर आकाराच्या या फलकावर २५ लाल एलईडींची ५ × ५ अशी चौकट आहे. मूळ आवृत्तीत केवळ १६ किलोबाइट रॅम होती. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत ती १२८ किलोबाइट झाली व मायक्रोफोन आणि स्पीकरही आले. ईएसपी३२ या वायफाययुक्त चिपवर आधारलेल्या एम५स्टॅक, लिलीगो टी-डिस्प्ले इत्यादी फलकांवर रंगीत पडदा असतो. टी-डिस्प्लेचा पडदा १.१४ इंचांचा असून त्यावर १३५ × २४० ठिपके असतात.

महाराष्ट्रातील वापर

मुंबईच्या पवई येथील आयआयटीच्या ई-यंत्र प्रकल्पातून अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचलेला फायरबर्ड ५ हा रोबो या प्रकाराचा मोठा भाऊ म्हणता येईल. त्यात एटीमेगा२५६० सूक्ष्मनियंत्रक असून १६ × २ एलसीडी रोबोवरच बसवलेला आहे. संवेदकांचे आकडे चालत्या रोबोवर वाचता येत असल्याने प्रत्येक वेळी तो संगणकाला जोडावा लागत नाही. शालेय स्तरावर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मनियंत्रक हाताळायला मिळतात. सुट्या फलकांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड व पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या जुन्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत.

देवनागरी मजकूर

मराठी वापरकर्त्याला या फलकांची खरी मर्यादा जाणवते ती लिपीच्या बाबतीत. मायक्रो:बिटच्या अंगभूत संचात रोमन अक्षरेच आहेत. पाच ओळींत शिरोरेषा, अक्षर, मात्रा व उकार बसवणे जवळजवळ अशक्यच. हिताची एचडी४४७८० नियंत्रकावर चालणाऱ्या एलसीडीत वापरकर्त्याला ५ × ८ ठिपक्यांची आठ चिन्हे स्वतः रेखाटता येतात. ‘म’ किंवा ‘ग’ त्यात बसतो, ‘ष्ट्र’ बसत नाही.

ठिपके पुरेसे असले तरी अडचण संपत नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. ही उलटापालट संगणक व मोबाइल आपोआप करतात; लहान फलकांवरील बहुतेक सॉफ्टवेअर करत नाही. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील प्राचीन देवालयासाठी फलकावर ‘शिवमंदिर’ असे नाव झळकवायचे ठरवल्यास चिन्हे साठवलेल्या क्रमानेच मांडली जातात आणि ‘शविमंदरि’ असे काहीतरी वाचायला मिळते. यू८जी२ या लोकप्रिय मुक्त संचात देवनागरी चिन्हे उपलब्ध आहेत, परंतु ती एकापुढे एक ठेवली जातात. जोडाक्षरे जुळत नाहीत. ‘महाराष्ट्र’ या चार अक्षरी शब्दात दहा युनिकोड चिन्हे असून यूटीएफ-८ पद्धतीने ती ३० बाइट व्यापतात, याची कल्पना नसल्यास अक्षरे मोजणारा प्रोग्रामही चुकतो.

यावर रूढ उपाय म्हणजे मजकूर संगणकावर मांडून त्याचे चित्र फलकात साठवणे. १२८ × ६४ ठिपक्यांच्या ओएलईडी पडद्यासाठी पूर्ण चित्राला १,०२४ बाइट लागतात, तर १६ ठिपके उंचीच्या एका ओळीला २५६ बाइट पुरतात. ठरावीक पाट्यांसाठी हे सोयीचे आहे. वापरकर्त्याने टंकलेला मजकूर दाखवण्यासाठी मात्र निरुपयोगी.

देवनागरी अंकांना जोडाक्षरांचा किंवा वेलांट्यांचा अडसर नसल्याने घड्याळ, तापमापक यांसारखे प्रकल्प साध्या एलसीडीवरही मराठीत करता येतात. अंक दहा आणि रेखाटण्याच्या जागा आठ असल्या, तरी तास, मिनिटे व सेकंद मिळून एका वेळी जास्तीत जास्त सहा वेगळे अंक दिसतात. त्यामुळे लागेल तसा अंक रिकाम्या जागेत भरून काम भागते.